॥ श्री धूम्रकेश प्रसन्न ॥

१ जानेवारी १९८८, शुक्रवार

नवं वर्ष, नवी डायरी. कंपनीला माल पुरवणाऱ्या पार्टीने दिलेली. कव्हरवर व्हॉल्व्हचं चित्र आहे. असू दे. आतले विचार माझे आहेत.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. बारा सूर्यनमस्कार. रागावर ताबा. आणि मुख्य म्हणजे मंडळ.

मंडळाची हकिकत नीट लिहून ठेवतो, पुढे कोणी इतिहास लिहील तेव्हा उपयोगी पडेल. परवा पुण्याला लग्नात साडू शरदचंद्र भेटले. दिवसा बँकेत मॅनेजर, संध्याकाळी समीक्षक. त्यांच्या घरी दर महिन्याला मंडळ जमतं. एकजण साहित्यावर निबंध वाचतो, बाकीचे माना हलवतात. भर पंगतीत जिलबी खाता खाता ते म्हणाले, दिनानाथराव, तुमचे ते राक्षस नि जादूगार वाचणारे महाराष्ट्रात दोनच, एक तुम्ही आणि दुसरी इयत्ता चौथी. सगळी पंगत हसली. वृंदाही हसली. मी पाहिलं. आपली बायको माहेरच्या पंगतीत बसली की आपली राहत नाही.

मी शांतपणे म्हणालो की आमच्या बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरकडे अद्भुत वाङ्मयाचे शेकडो रसिक आहेत. नुसते वाचत नाहीत, त्यावर निबंध लिहितात, एकमेकांना वाचून दाखवतात. शरदचंद्र म्हणाले, मग ऐकायला येतो की. लगेच तारीखही काढली. २७ मार्च, रविवार.

आता अडचण एवढीच की ते शेकडो रसिक मला अजून भेटलेले नाहीत. पण आहेत. घराघरांत पांघरुणाखाली वाचत बसलेत. त्यांना लिहितं करायचं, बस. तीन महिने म्हणजे रग्गड.

अद्भुत वाङ्मय रसिक मंडळ, बदलापूर. अध्यक्ष: मी. चिटणीस: तूर्त मीच.

३ जानेवारी

उठलो ८.४० ला. थंडीत सूर्यालाच उशीर होतो, नमस्कार घालायचा कोणाला?

नियमावली तयार केली. नियम १: निबंध अद्भुत वाङ्मयावरच हवा. नियम २: लेखीच हवा, कागदाच्या एकाच बाजूस, डावीकडे समास सोडून. नियम ३: अध्यक्षांचा निर्णय अंतिम. नियम ४: आयोजकांच्या नातेवाइकांस भाग घेता येणार नाही. हा चौथा फार महत्त्वाचा. मोठमोठ्या स्पर्धांत असतो.

वृंदाने कणीक मळता मळता वाचलं. म्हणाली, मी लिहीन एक. धूम्रकेशाचे नऊही भाग वाचलेत मी. मी चाट. विचारलं, कधी? म्हणाली, तुम्ही लायब्ररीतून आणता नि बदलायला नेता, मधले दिवस पुस्तकं घरातच असतात ना. भात शिजेपर्यंत आठ-दहा पानं होतात.

('काळ्या बुरुजाचा धूम्रकेश', भाग १ ते ९. जगात याहून थोर कादंबरी झाली नाही. धूम्रकेश हा दुष्ट जादूगार. राजपुत्रांचे उंदीर करतो, गिधाडावर बसून हिंडतो.)

तिला नियम ४ दाखवला. तिने विचारलं, आयोजक कोण? मी म्हणालो, मी. तर म्हणे, मग खोडा तो नियम. अहो, अशी खोडाखोड करायला ती वाण्याची यादी आहे का? रागावर ताबा ठेवला. फक्त पेला आपटला.

१० जानेवारी

जाहिरात लावली. स्वतःच्या अक्षरात, तीन रंगांत. एक अंबरनाथला कंपनीच्या कँटीनमध्ये, एक बदलापूर स्टेशनबाहेरच्या फलकावर. 'रसिकहो, लिहा! लिहून इतरांना वाचायला द्या!' खाली घरचा कात्रपचा पत्ता.

प्रतिसाद उत्तम. मी स्वतः तासभर फलकाजवळ उभा होतो. दोघे थांबले. एकाने पूर्ण वाचली आणि मला विचारलं, सुलभ शौचालय कुठे आहे. पण पूर्ण वाचली.

२४ जानेवारी

पोस्टाने काही नाही. पोस्टमन बबनला रोज विचारतो, तर आता तो आमच्या बिल्डिंगशी आला की सायकलवरूनच मान हलवतो. उर्मट आहे.

मात्र कँटीनमधून एक निबंध आला. आमच्याच स्टोअरमधल्या शंकररावांचा. माझ्या हाताखाली आहेत. विषय: 'माझा आवडता प्राणी, गाय'. गायीस चार पाय असतात इथपासून सुरुवात. मुलीच्या वहीतून उतरवलाय हे उघड आहे. तरी मी अध्यक्ष या नात्याने शेरा लिहून परत केला: 'भाषा सोपी. गायीत अद्भुतरस कमी पडतो.' शंकरराव म्हणाले, साहेब, बक्षीस काय आहे? स्टीलचा डबा असेल तर मी तिला शिंगांतून जाळ काढायला लावतो.

असल्या माणसांना घेऊन काय साहित्यसेवा होणार! नशीब, मार्चमध्ये स्टोअर सुपरिंटेंडेंटची जागा निघतेय नि ती माझीच आहे. मग यांना पाहतो.

३१ जानेवारी, रविवार

युरेका!

सकाळी शेजारच्या भिमाबाई हातात पोस्टकार्ड घेऊन हसत आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, बोलायला फटकळ. ते नेहमीचं कार्ड: अमक्या देवीचं पत्र, मिळताच अशीच अकरा पत्रं अकरा जणांना लिहा, अमक्याने लिहिली त्याला धन मिळालं, तमक्याने फाडलं त्याचं पोर आजारी पडलं. भिमाबाई म्हणाल्या, भाऊजी, आमच्यात बाबासाहेबांनी हे सगळं कधीच बंद केलं, आमच्याकडे असली पत्रं बंबात जातात. पण म्हटलं बघा तरी, लोक लिहायचा कंटाळा करतात म्हणता, हे बघा कसे अकरा-अकरा लिहितात.

मी खाटेवरून उठलोच. लोक लिहीत नाहीत कोण म्हणतो? फक्त धाक पाहिजे!

लगेच मजकूर केला. वर आपण 'श्री गजानन प्रसन्न' लिहितो तिथे, एक रसिकी गंमत म्हणून, 'श्री धूम्रकेश प्रसन्न'. रसिकाला बरोबर कळेल. पुढे:

'हे पत्र मिळताच अद्भुत वाङ्मयावर एक निबंध लिहून खालील पत्त्यावर पाठवावा व अशीच अकरा पत्रे अकरा रसिकांस पाठवावीत. अंबरनाथच्या एका गृहस्थाने तसे केले, त्यास बढती मिळाली. वांगणीच्या एका बाईने हसण्यावारी नेले, तिची म्हैस आटली.'

म्हैस मला तिथल्या तिथे सुचली. लेखणीच तशी चालली होती.

वृंदा म्हणाली, लोक निबंध लिहिणार नाहीत, कार्डं तेवढी लिहितील. बाईमाणसाला जनमानस काय कळणार! पहिली अकरा कार्डं तिच्याकडूनच लिहून घेतली. माझा हात दुखत होता. अध्यक्षाने मजकूर द्यायचा असतो, कारकुनी करायची नसते.

१४ फेब्रुवारी

जोर धरलाय! बबन सांगत होता, त्याच्या थैलीत रोज धूम्रकेशाची कार्डं सापडतात. कात्रप, बेलवली, अंबरनाथ, पार उल्हासनगरच्या कँपांपर्यंत. शिव्या घालत होता. मी त्याला म्हणालो, तू नकळत वाङ्मयाची सेवा करतो आहेस. त्यावर त्याने केलेली टिप्पणी इथे लिहीत नाही.

निबंध: अजून नाहीत. लिहीत असतील. चांगल्या निबंधाला वेळ लागतो.

२१ फेब्रुवारी

आज आपलंच कार्ड आपल्याला आलं. अनोळखी अक्षर. मला आनंद झाला, मग वाचलं. निबंधाची ओळच गाळली आहे! कोणीतरी मध्येच जागा पुरत नाही म्हणून वगळली असणार. त्या जागी 'बुधवारी उपास धरावा, संध्याकाळी काळे तीळ वाहावेत' असं घातलंय. म्हणजे त्याला जागा पुरली!

बढती आहे. म्हैस आहे. माझा पत्ताही आहे.

ताबडतोब दुरुस्तीचं कार्ड काढलं. 'निबंध सक्तीचा आहे. टाळणाऱ्यास त्रास होईल.' पुन्हा वृंदाच बसली लिहायला. लिहिता लिहिता म्हणाली, माझा निबंध झालाय हो पुरा, रव्याच्या डब्यामागे ठेवलाय, बघता का? मी नुसतं चार बोटं वर करून दाखवलं. नियम चार. ती कार्ड लिहीत राहिली.

२८ फेब्रुवारी

अत्यंत विचित्र प्रकार. सकाळी दारात एक म्हातारी. डोक्यावर पाटी, पाटीत भाजी. नाव गयाबाई, राहणार वांगणी. म्हणे, धूम्रकेस बाबांचं घर ह्येच का? भाच्याने तिला कार्ड वाचून दाखवलं होतं. ती हसली होती. आणि तिची म्हैस आटली.

मी समजावलं की बाई, ती म्हैस मी कल्पनेने लिहिली. तर म्हणे, कल्पनेनं लिवली तर माझ्या गोठ्यातली तुला ठावं कशी? मी तिला कार्डाची तारीख दाखवली, म्हशीचं वय विचारलं, तर्काने सिद्ध करून दिलं. ती पायरीवरून हलेना. म्हणे उतारा सांग, त्याबिगर मी काय जात नाय. शेवटी म्हणालो, निबंध लिहा. म्हणे, मला लिवता येतं तर मी कार्डच नसतं का लिवलं?

नियम २ मुळे मी हतबल होतो. आत जाऊन आडवा झालो. वृंदाने तिला चहा दिला आणि दोघी स्वयंपाकघरात बसल्या. माझं डोकं दुखत होतं, तरी ऐकू येत होतं. म्हातारी सांगत होती, तिच्या बापाला नदीच्या वळणावर एक खवीस भेटला, त्याने कुस्ती मागितली, बापाने पाडला, मग तो खवीस वर्षभर गडी म्हणून राबला, आणि शेवटी जाताना रडला. वृंदा मधून मधून, मग हो? मग? असं विचारत होती. असल्या गावगप्पांत तिचा वेळ जातो आणि वरणाला फोडणी राहते.

म्हातारीला काळे तीळ देऊन वाटेला लावलं. म्हणजे वृंदाने दिले. जाताना माझ्या पाया पडली. मी अडवलं नाही, वय झालंय बिचारीचं.

६ मार्च

कार्यक्रमासाठी शाळेचा हॉल मिळाला. तारीख नि जागा दोन्ही जाहिरातींखाली लिहून आलो. बॅनरला लावायला धूम्रकेशाचं चित्र उल्हासनगरच्या फोटोफ्रेमवाल्या अर्जनदासकडे मोठं करायला टाकलं होतं, भाग ३ चं कव्हर. आज आणायला गेलो.

दुकानात ओळीने धूम्रकेश! काचेत, सोनेरी पट्टीत, कडेने लाल-हिरवे दिवे. माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. अर्जनदास उठून उभा राहिला, थम्सअप मागवलं. म्हणाला, साईं, आपका भगवान तो मार्केट में तोड के चल रहा है, घर-घर में कार्ड आया, फोटो किसी के पास नहीं था.

नीट पाहिलं तर चेहरा हसरा! भुवया सरळ केल्यात. हातातली कवटी काढून तिथे नारळ. एक हात आशीर्वादाचा. आणि गिधाडाच्या गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर झूल. मी ओरडलोच की हा खलनायक आहे, राजपुत्रांचे उंदीर करतो! अर्जनदास गंभीर झाला. म्हणाला, पहले कडक होंगे साईं, अभी भक्तों के लिए नरम हो गए. मुँह फाडके गुस्सा करेगा तो बेडरूम में कौन लगाएगा?

मला एक फ्रेम फुकट दिली, दिव्यांची. फुकट म्हणून आणली. भिमाबाईंनी जिन्यात पाहिली आणि पोट धरून खालीच बसल्या. मग म्हणाल्या, भाऊजी, काखेत कळसा अन् गावाला वळसा घालताय. आमच्या फ्रेमचा नि कळशाचा काय संबंध, कळलं नाही. वृंदा मात्र तिथून झटकन आत गेली.

फ्रेम कपाटामागे ठेवली आहे. दिवे चालतात.

१३ मार्च

शरदचंद्रांचं पत्र. येतोय, सोबत मंडळाचे दोन सभासद. 'तुमच्या शेकडो रसिकांचे निबंध ऐकण्यास उत्सुक.' उत्सुक खाली रेघ मारली आहे.

निबंध: शून्य. गाय धरली तर एक.

घाबरण्याचं कारण नाही. मीच लिहीन. निरनिराळ्या टोपणनावांनी, भरपूर. मला काय अवघड आहे, इतकी वर्षं मनात सगळं तयार आहे, नुसतं उतरवायचं. उद्या पाचला उठून सुरुवात.

१४ मार्च

पाचला उठलो नाही. शीर्षक सुचलं: 'धूम्रकेश: एक'. पुढचा शब्द सुचला की निबंध आपोआप होईल.

१८ मार्च

काळा दिवस. सुपरिंटेंडेंटची ऑर्डर निघाली. शंकरराव!

माझ्या हाताखालचे शंकरराव. गायवाले. पेढे वाटत माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, साहेब, तुमचेच उपकार, मी कार्डं लिहिली, अकराची बावीस लिहिली, नि बघा, धूम्रकेशाने ऐकलं. अंबरनाथच्या एका गृहस्थास, तो मीच ना? मी म्हणालो की हा शुद्ध योगायोग आहे. ते म्हणाले, तुमचा साधेपणा.

पेढा खाल्ला नाही. खिशात टाकला. संध्याकाळी खाल्ला.

घरी सांगितलं तेव्हा वृंदाने लाटणं खाली ठेवलं. माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला रडू वगैरे आलं नाही, धूळ होती. मग तिने हळूच विचारलं, निबंध वाचून दाखवू का, बरं वाटेल. मी म्हणालो, दुष्काळात तेरावा महिना नको. हे जरा लागेल असं बोललो की काय. पण नियम म्हणजे नियम.

२६ मार्च

'धूम्रकेश: एक'. अजून तिथेच आहे. दरम्यान 'एक चिंतन', 'एक दर्शन', 'एक अभ्यास' असे तिन्ही खोडले.

उद्या आयत्या वेळी रसिक स्फूर्तीने उठून बोलतील. असं होतं. मी वाचलंय.

२८ मार्च, सोमवार. रजा टाकली आहे.

कालचं सगळं लिहायला हवं. हात चालत नाही, पण लिहितो.

हॉल गच्च. गच्च म्हणजे खिडक्यांतसुद्धा माणसं. एक क्षण माझा ऊर भरून आला. शरदचंद्र नि त्यांचे दोन सभासद पहिल्या रांगेत, तोंडाचा आ करून बसले होते. मनात म्हटलं, बघा आता, इयत्ता चौथी! मग दिसलं की सगळ्यांच्या हातात नारळ आहेत. काळ्या तिळांच्या पुड्या. उदबत्त्यांचा धूर इतका की बॅनर दिसेना. दाराशी अर्जनदासने फ्रेमचा स्टॉल मांडलेला, दिवे लुकलुकत होते. शंकरराव सहकुटुंब, सोवळं नेसून. गयाबाई चरवी घेऊन आलेली, तिची म्हैस व्यायली होती आणि पहिला चीक तिने धूम्रकेसाला आणला होता. म्हैस गाभण होती म्हणून आटली होती, हे त्या बाईला कळू नये? मलाही आत्ताच कळतंय, पण मी स्टोअरमध्ये आहे, गोठ्यात नाही.

मी माइकवर म्हणालो, रसिकहो! सगळा हॉल ओरडला, जय! मी म्हणालो, आपण वाङ्मयाच्या प्रेमाने जमलो आहोत. जय! मी म्हणालो, हा देव नाही. ते उभेच राहिले, जय!

म्हटलं, आता निबंधवाचन, कोणी लिहून आणलाय? एक आजोबा उठले, त्यांनी आरती रचून आणली होती. त्यांना बसवलं. मग मीच उभा राहिलो, कागद काढला, घसा खाकरला आणि वाचलं: धूम्रकेश, एक. आणि थांबलो. पुढे काही नव्हतं. लोकांनी हात जोडले. कोणीतरी पुटपुटलं, धूम्रकेश एकच, खरंय. शरदचंद्रांनी रुमालात तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. शाळेची फरशी, ती कशाला दुभंगतेय.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने वृंदा उठली. पर्समधून कागद काढले नि सरळ माइककडे आली. मी हळूच म्हणालो, नियम चार. ती थबकली. तेव्हा दुसऱ्या रांगेतून भिमाबाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा ओरडल्या, भाऊजी, बसा खाली!

मी बसलो. पाय तसेही दुखत होते.

तिने वाचलं. मला वाटलं होतं चार ओळी असतील. भात शिजताना वाचायची सवय कशी लागली, तिथून सुरुवात. मग गयाबाईच्या बापाचा तो खवीस, जाताना का रडला असेल. 'ज्या घरात रोज तेच घडतं, त्या घराला राक्षसाची फार गरज असते,' असं एक वाक्य होतं. मग धूम्रकेशावर आली. म्हणे, सगळे त्याच्या जादूला भितात, पण नऊ भागांत त्याला कोणी एकदाही जेवलास का विचारत नाही. तो बुरुजावर एकटाच बसून स्वतःचे मंत्र स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवतो, ऐकायला फक्त गिधाड. खाली दार उघडंच आहे, कोणीतरी जिन्यात येऊन थांबलेलं आहे, पण तो खिडकीतून लांबवर सैन्य येतंय का बघतोय. 'मला तो ओळखीचा वाटतो,' म्हणाली. 'त्याचा राग येतो, आणि त्याला टाकून पुस्तक मिटवत नाही.'

इथे भिमाबाई, शंकरराव, शरदचंद्र, सगळे माझ्याकडे का बघायला लागले कळलं नाही. टाय वाकडा झाला असावा.

लोक हात जोडून ऐकत होते, पोथी ऐकतात तसे. संपल्यावर बायका डोळे पुसत होत्या. गयाबाईने चीक वृंदाच्या पुढ्यात ठेवला आणि तिची बोटं कडाकडा मोडली. नारळांचा खच पडला.

शरदचंद्र उठले ते थेट वृंदाकडे. माझ्या बाजूने गेले, मला हात लागला त्यांचा, तरी थांबले नाहीत. म्हणाले, वृंदाताई, हा आमच्या मंडळात वाचाच, १० एप्रिलला, पुण्याला. मी पुढे होऊन म्हणालो, अध्यक्ष या नात्याने मीही येतो. तर म्हणाले, माफ करा दिनानाथराव, वाचणाऱ्याच्या नातेवाइकांना आमच्याकडे बसता येत नाही, उगाच टाळ्या वाजवतात. नियम आहे.

काय एकेक माणसं नियम करतात!

१ एप्रिल

शांतपणे विचार केला. एकंदर कार्यक्रम यशस्वीच म्हणायचा. मंडळाच्या प्रेरणेने एक दर्जेदार निबंध निर्माण झाला, तो पुण्यापर्यंत पोचतोय. प्रेरणा कोणाची? पुस्तकं लायब्ररीतून कोण आणायचं? वर्गणी माझ्या नावावर आहे.

वृंदा पिशवी भरतेय. गुणगुणतेय. गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

१० एप्रिल, रविवार

वृंदा बुधवारीच गेली. आज तिकडे वाचन. आठ दिवस राहणार आहे. पोळी-भाजी भिमाबाई देतात आणि बरोबर एक नजरही देतात.

काल बबनने कार्ड टाकलं. बेलवलीहून, नाव नाही. तोच मजकूर, तीळ, बुधवार, बढती, म्हैस. म्हैस आता व्यायली आहे, ते घातलंय. आणि शेवटी नवीन ओळ:

'बदलापूरच्या एका गृहस्थाने दुसऱ्यांकडून पत्रे लिहवली, स्वतः एकही लिहिले नाही. त्याच्या हाताखालच्या माणसास बढती मिळाली व त्याची बायको पुण्यास निघून गेली.'

निघून गेली काय! आठ दिवसांसाठी गेली आहे! लोकांना काही ताळतंत्र नाही. कार्ड फाडणार होतो. माझा अर्थातच यावर काडीइतका विश्वास नाही, धूम्रकेश मीच तर आणला. बंबात टाकायला उठलो. बंब थंड होता, तिच्याशिवाय पेटवला नाही.

मग बसलो. ड्रॉवरमध्ये कोरी कार्डं होतीच. केवळ अक्षर सुधारावं म्हणून. ॥ श्री धूम्रकेश प्रसन्न ॥ स्वतःच्या हाताने लिहिलं. हात खरोखर दुखतो हो. तिने इतकी लिहिली, कधी बोलली नाही.

दहा झाली. एक भिमाबाईंना, त्या जाळतील, पण पाठवायचं काम आपलं. एक शंकररावांना, आता साहेब आहेत. एक अर्जनदासला. एक गयाबाईला, भाचा वाचून दाखवेल. बाकीची टेलिफोन डिरेक्टरीतून. अकराव्याला माणूस सुचेना. इतकी वर्षं इथे राहतोय, अकरावा माणूस सुचू नये?

शेवटी वृंदाच्या नावाने लिहिलं, शरदचंद्रांच्या पत्त्यावर. मजकूर संपला तरी खाली दोन बोटं जागा उरली. तिथे लिहिलं, नियम ४ रद्द केला आहे. बुधवारपर्यंत ये. सही केली, अध्यक्ष असं लिहिलं, मग अध्यक्ष खोडलं.

जागा उरली होती, म्हणून.